आधी पैसे, मग नाव

होनोलुलू, वायकीकी विभाग, चार तारे, चार रात्री. चौकटीत आकडा टाकायचा. खाली स्वतःची आद्याक्षरं टाकायची, म्हणजे सगळ्या अटी मान्य. बटण दाबायचं. होकार आला की कार्डावरून पैसे गेले, आणि हॉटेलचं नाव त्यानंतर कळलं. रद्द करता येणार नाही, तारीख बदलता येणार नाही, आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. नकार आला तर पैसे वाचले, पण पाच डॉलर वाढवून लगेच पुन्हा प्रयत्न करायचीही सोय नाही.

प्राइसलाइनची ही 'तुमची किंमत तुम्हीच सांगा' योजना आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या जोरावर हवाई पाहिलेल्या पिढीतली मी. कॅलिफोर्नियातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हवाईहून परतलेल्या माणसाला आधी 'कितीला पडलं?' विचारायचे. समुद्र कसा होता, हे नंतर.

*

आईला हे पटवणं अवघड गेलं.

"हॉटेलचं नाव सांग गं, वहीत लिहून ठेवते."

"अजून कळलं नाही, आई. पैसे भरले की कळतं."

"आधी पैसे आणि मग नाव? आणि नाही आवडलं तर?"

"तर काय, राहायचं."

फोन बाबांकडे गेला. बाबांची नोकरी बँकेच्या कर्जखात्यात झालेली. त्यांनी एवढंच विचारलं, "हॉटेलवाला कमीत कमी कितीला तयार होता, ते शेवटी तरी कळतं का?"

"नाही."

"मग स्वस्त मिळालं असं कशावरून म्हणतेस?"

*

बाबांच्या प्रश्नावर बरंच शास्त्र उभं आहे. व्यवहार असा होता: हॉटेल आपला तळाचा भाव आधीच गुपचूप कळवून ठेवायचं. अमुक तारखेला, इतक्या खोल्या, इतक्या डॉलरला. माझा आकडा त्याच्या वर गेला की सौदा पक्का, आणि भरायचा तो माझा आकडा. हॉटेल सत्तरला तयार असलं आणि मी शंभर म्हटलं, तर वरचे तीस मध्यस्थाच्या खिशात. वाशीच्या फळबाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, तसलाच हा मामला. फक्त रुमालाखाली निदान दोन्ही हात खऱ्या माणसांचे असायचे.

विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिलं की बंद लिलावात जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे घेतले, तर प्रत्येकाने मनातली खरी किंमत लिहिणंच त्याच्या फायद्याचं ठरतं. स्वतःचाच आकडा भरायचा असला, की जो तो मुद्दाम हातचं राखून लिहितो. १९९६ साली विकरींना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते वारले. त्यांचा नियम या बोलीला कुणी लावला नाही. लावला असता तर मध्यस्थाने खायचं काय?

लिलाव जिंकणाऱ्याला जो पस्तावा होतो, त्यावर १९७१ साली एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी निबंध लिहिला होता. समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांसाठी ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याचा अंदाजही बहुधा सर्वांत चुकलेला, असा त्याचा रोख. आमच्या घरी हे निबंध न वाचता कळलेलं होतं. पहिल्याच बोलीला होकार आला की नवरा हमखास म्हणायचा, "ऐंशी टाकायला हवे होते." चार वेळा नकार खाऊन शंभरला मिळालेली खोली, पहिल्या फटक्यात नव्वदला मिळालेल्या खोलीपेक्षा त्याला स्वस्त वाटायची.

*

योजनेचा जनक जे वॉकर. कनेक्टिकटमध्ये १९९८ च्या एप्रिलमध्ये कंपनी सुरू झाली, आधी विमानाची तिकिटं, त्याच वर्षी हॉटेलं. गिऱ्हाईक किंमत सांगणार आणि विकणारा हो-नाही म्हणणार, या पद्धतीचं पेटंट वॉकरांना त्याच ऑगस्टमध्ये मिळालं. बाजारात बायका पिढ्यानपिढ्या जे करत आल्या, त्याचं पेटंट! पण अमेरिकेत संगणक आणि कार्ड जोडून केलं की ते नवं ठरायचं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सपीडियाने तसंच काही सुरू केल्यावर १९९९ मध्ये खटला झाला आणि पुढे तो तडजोडीने मिटला.

जाहिरातीत 'स्टार ट्रेक'चे कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर. मार्च १९९९ मध्ये शेअर १६ डॉलरने विकायला काढला आणि पहिल्याच दिवशी ६९ वर बंद झाला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो एक-सव्वा डॉलरवर घसरला होता. मधल्या काळात किराणा आणि पेट्रोलही बोलीने विकून पाहिलं. तो उद्योग ऑक्टोबर २००० मध्ये बंद पडला. दुधाच्या पिशवीसाठी बोली लावत बसायला कुणाला वेळ आहे?

*

हॉटेलं या भानगडीत पडलीच का? आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. खोली साफ करायला, चादरी धुवायला लागणारा खर्च निघाला तरी वरचं सगळं कमाईत. मग सरळ भाव का उतरवायचा नाही? कारण दोनशे देणारं नेहमीचं गिऱ्हाईक ते लगेच बघतं आणि पुढच्या वेळी तेही शंभरच देतं. नाव झाकून विकलं की दोनशेवाल्याला पत्ता लागत नाही, आणि शंभरच्या सौद्याचा भरवसा नसल्यामुळे दोनशेवाला त्या वाटेला जातही नाही. लग्नाच्या वाढदिवसाला ठरावीक हॉटेलातली ठरावीक खोली हवी असणारा माणूस बोली लावत नाही.

म्हणजे सूट खोलीवर नव्हतीच. आपण आपली निवड सोडून द्यायचो, त्याचे पैसे मिळायचे. नाव, देखावा, पलंग, मजला, बेत बदलायची मुभा, या सगळ्यावर पाणी सोडायचं. यातलं काय सोडलं तर आपलं खरंच बिघडतं, हे ज्याला नीट ठाऊक, त्याला बोली फळायची.

*

वायकीकीत जवळजवळ काहीच बिघडत नाही. माझं हे मत ठाम आहे, म्हणून जरा सविस्तर.

वायकीकी म्हणजे जेमतेम साडेतीन-चार चौरस किलोमीटर. एका बाजूला समुद्र, मागे आला वाय कालवा, पूर्वेच्या टोकाला डायमंड हेडचा डोंगर. शंभर वर्षांपूर्वी इथे दलदल, तळी, भाताची आणि अळूच्या कंदांची खाचरं होती. १९२० च्या दशकात कालवा खणून पाणी काढून दिलं आणि भराव घालून ही जमीन केली. समुद्राला लागून कालाकाउआ हा मोठा रस्ता, त्याच्या मागे कुहिओ, त्याच्या मागे कालवा. मोआना हॉटेल १९०१ चं, गुलाबी रॉयल हवाईयन १९२७ चं. बाकीच्या बहुतेक इमारती जेट विमानं आल्यानंतरच्या. एवढ्याशा पट्टीत पंचवीस हजारांहून जास्त खोल्या. सर्वांत मागच्या हॉटेलातून पायात सपाता घालून निघालं तरी दहा मिनिटांत पाण्यात पाय.

आणि पाणी कुणाच्या मालकीचं नाही. हवाईत लाटा जिथवर पोचतात तिथवरचा किनारा सार्वजनिक आहे. हॉटेल कितीही ताऱ्यांचं असो, त्याच्या पुढ्यातल्या ओल्या वाळूत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. हॉटेलची खुर्ची आणि छत्री मात्र त्याच्या गिऱ्हाइकांची, तिच्यावर टेकायला जाऊ नये. आपली चटई न्यावी. वायकीकीची वाळूही बरीचशी बाहेरून आणून टाकलेली, तेव्हा तिच्यावर हक्क सांगायचा तर सगळ्यांनीच सांगावा.

त्यामुळे इथे बोलीत मागचं हॉटेल पदरात पडलं तरी सहल तीच राहते. शुक्रवारी संध्याकाळी हिल्टनच्या बाजूला होणारी आतषबाजी पुढच्यांना दिसते तशी मागच्यांनाही, रस्त्यावर उतरलं की झालं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या एबीसी दुकानात पाणी, चटई, अननसाच्या फोडी सगळ्यांना एकाच भावाने.

*

देखाव्याबद्दल. हवाईतल्या खोल्यांची उतरंड देखाव्यावर लागते: शहर, डोंगर, बाग, थोडा समुद्र, समुद्र, आणि अगदी समुद्रासमोर. दोन पायऱ्यांत शंभर डॉलरचा फरक पडू शकतो. बोलीवाल्याच्या वाट्याला बहुधा तळची पायरी.

एकदा रात्री उशिरा पोचलो. स्वागतकक्षातल्या मुलीने आरक्षण बघितलं, पडद्यावर बरंच खाली सरकत गेली आणि हसून म्हणाली, सातवा मजला, शहराच्या बाजूला. सकाळी पडदा सरकवला तर समोर वाहनतळाची इमारत. सातव्या मजल्यासमोर तिचा सहावा. एक माणूस गाडीच्या टपावर लाटेवरची फळी बांधत होता, त्याने हात केला, मीही केला. खालून हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरत होता, तळलेल्या लसणाचा वास थेट वर. लनाईच्या, म्हणजे तिथल्या गच्चीवजा सज्ज्याच्या, अगदी डाव्या कोपऱ्यात उभं राहून कठड्यावरून वाकलं की दोन इमारतींच्या फटीत पंज्याएवढा निळा तुकडा दिसायचा. आई तिथे उभी राहून चहा प्यायची. "दिसतो की," म्हणायची, आणि संध्याकाळी पुण्याला फोन करून मावशीला 'खोलीतून समुद्र दिसतो' असं सांगायची. मावशीला खोटं काही सांगितलेलं नव्हतं.

बाबांना मात्र पलंग खटकला. बोलीत हमी फक्त दोन प्रौढांना पुरेल अशा खोलीची. मोठा एक पलंग की छोटे दोन, हे ज्याच्या-त्याच्या नशिबावर. दोन खोल्या हव्या असतील तर एकाच बोलीत दोन्ही मागायच्या. वेगवेगळ्या मागितल्या की आई-बाबा एका हॉटेलात आणि आपण दुसऱ्या, असं होऊ शकायचं.

*

नकारानंतर लगेच पुन्हा बोली लावायची नाही, हा नियम होता. थांबायची मुदत पुढे कमी होत एका दिवसावर आली. पण बोलीत काही बदल केला, म्हणजे एखादा विभाग वाढवला किंवा तारे उतरवले, तर तेव्हाच पुन्हा संधी मिळायची. यातच मेख होती. समजा मला चार तारे हवेत आणि विमानतळाच्या विभागात चार ताऱ्यांचं एकही हॉटेल नाही. मग तो विभाग जोडायचा. खोली मिळाली तर वायकीकीतच मिळणार, आणि आकडा वाढवून दुसरी बोली मात्र पदरात पडली. असे रिकामे विभाग जितके, तितक्या फुकट बोल्या. ओळखीतले एक गृहस्थ कागदावर विभागांचा तक्ता मांडून बसायचे, पेशाने सनदी लेखापाल. बायको म्हणायची, या तक्त्याला लागलेल्या तासांचे पैसे धरले तर सरळ रॉयल हवाईयनमध्ये उतरलो असतो.

*

कवाई आणि मोठं बेट इथे मात्र हा खेळ खेळू नये.

मोठ्या बेटाची पश्चिमेकडची कोहाला किनारपट्टी जवळपास कोरडी. वर्षाकाठी अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, काळा लाव्हा आणि त्यात मुद्दाम हिरवी ठेवलेली गोल्फची मैदानं. त्याच बेटाच्या पूर्वेला हिलो, तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर. म्हणजे रत्नागिरीएवढा पाऊस, आणि तो चार महिन्यांत आटपून जाणारा नव्हे. मधे दोन प्रचंड डोंगर आणि शंभरावर किलोमीटर रस्ता. एकच बेट म्हणून दोन्ही बाजू सारख्या समजलात तर पोहण्याचे कपडे घेऊन छत्रीखाली बसाल.

कवाईवर दक्षिणेला पोईपू, उत्तरेला प्रिन्सव्हिल. गाडीने तासाभराहून जास्त. पोईपूला ऊन असताना प्रिन्सव्हिलला पाऊस, हे हिवाळ्यात नेहमीचं. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर किनाऱ्यावर हनालेईजवळ एका दिवसात बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अमेरिकेतला तो चोवीस तासांचा विक्रम. दरडी कोसळून हनालेईच्या पुढचा रस्ता वर्षाहून अधिक काळ पाहुण्यांना बंद होता. अशा ठिकाणी पैसे भरल्यावर नाव कळण्यात काही मौज नाही.

माउईचं कारण वेगळं. तिथे सहकुटुंब जाणाऱ्यांना किहेईच्या बाजूचे स्वयंपाकघरवाले फ्लॅट बरे पडतात. आई-बाबांना दोन्ही वेळा बाहेरचं चालत नाही, आणि भात लावायचा कुकर सामानात असतोच. बोलीत शेगडीची हमी कुठली?

*

आता बोलीची कंबर मोडणाऱ्या आकाराकडे येते. रिसॉर्ट शुल्क.

बोलीत शंभर डॉलर टाकले, मिळाले, घरी जाहीर केलं. हॉटेलात पोचल्यावर दर रात्री तीस-पस्तीस डॉलर वेगळे. कशाचे? वाय-फायचे, खोलीतल्या टेलिफोनवरून स्थानिक फोन करण्याचे, पोहण्याच्या तलावावरच्या पंचाचे, आणि कुठे कुठे फुलांची माळ ओवायला शिकवण्याच्या वर्गाचे. आम्ही माळ ओवली नाही, फोन केला नाही. शुल्क तरीही.

हॉटेलाच्या बाजूने यात मोठी सोय होती. बोलीचे पैसे मध्यस्थाकडे जाणार, त्यातले निम्मे-पाऊण आपल्याला मिळणार. शुल्काचे सगळे आपल्या गल्ल्यात. त्यामुळे तळाचा भाव कमी सांगायचा आणि शुल्क वाढवायचं, हा धंद्याला धरून विचार. जाहिरातीतली किंमत जितकी खाली, तितकं शुल्क वर. वायकीकीत आज दिवसाला चाळीस-पन्नास डॉलर शुल्क सर्रास आहे, आणि गाडी ठेवायचे जवळपास तेवढेच वेगळे. समजा खोली १२० ला मिळाली. त्यावर कर वीस-बावीस, शुल्क पंचेचाळीस, वाहनतळ पन्नास. रात्रीचे २३५ च्या पुढे. बाजूच्या हॉटेलात शुल्क नाही, कर आणि वाहनतळ धरून खोली १८०. स्वस्त कोणती, ते बाबांना विचारायची गरज नाही.

याला लगाम लागायला बराच काळ गेला. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. हॉटेलने आणि हॉटेलं विकणाऱ्याने सक्तीची सगळी शुल्कं धरून एकूण किंमत आधीच दाखवली पाहिजे. शुल्क रद्द झालेलं नाही, फक्त लपायचं बंद झालं. सरकारी कर आणि ऐच्छिक वाहनतळ त्या आकड्यात धरायची सक्ती नाही, हे लक्षात ठेवावं.

*

करांचा एक तिढा. 'कर आणि सेवाशुल्क' अशी एकच ओळ बिलात यायची, त्यातला कर किती आणि शुल्क किती हे सांगायचे नाहीत. मध्यस्थ हॉटेलाला कमी देतो आणि गिऱ्हाइकाकडून जास्त घेतो, तर कर कुठल्या आकड्यावर? हवाई सरकारने हे भांडण कोर्टात नेलं. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निम्मं इकडे, निम्मं तिकडे दिलं: या कंपन्यांना सर्वसाधारण अबकारी कर लागू, पण पाहुण्यांच्या निवासावरचा कर नाही. २०२६ पासून राज्याचा तो निवास-कर ११ टक्के झाला आहे. त्यावर काउंटीचे ३, त्यावर होनोलुलूच्या ओआहू बेटावर अबकारीचे साडेचारच्या वर. किनारे आणि वनं सांभाळायला वाढीव पैसे वापरायचे असं ठरलं आहे. माझी तक्रार नाही. किनारा फुकट वापरतो, तो कुणीतरी राखायला हवा.

*

नाव झाकण्याचा सर्वांत वाईट परिणाम पैशांशी संबंधित नाही. २०१८ च्या शरद ऋतूत वायकीकीतल्या चार आणि माउईवरच्या एका हॉटेलातले मिळून सुमारे २,७०० कामगार संपावर गेले. खोल्या झाडणाऱ्या बायका, दरवान, स्वयंपाकी. एक नोकरी पोटाला पुरली पाहिजे, एवढी मागणी. संप ५१ दिवस चालला. कालाकाउआवर सकाळपासून ढोल, घोषणा, लाल सदरे. त्या दिवसांत नाव न बघता खोली घेणाऱ्याला संपातलं हॉटेल मिळालं असतं, तर रद्द करायची सोय नाही. बाहेर उभ्या बायकांच्या रांगेतून बॅगा ओढत आत जायचं, नाहीतर पैसे सोडायचे. नाव दिसत असतं तर दुसरीकडे जाता आलं असतं. मुंबईत गिरणी संप पाहिलेल्या घरातल्या माणसाला ती रांग ओलांडणं जड जातं, भले मग खोली साठ डॉलरला असो.

*

सुगीचं वर्ष २००९. आदल्या वर्षी ३१ मार्चला अलोहा एअरलाइन्सने प्रवासी उड्डाणं थांबवली, तीन दिवसांनी एटीएने. मुख्य भूमीवरून येणाऱ्या जागा एकदम कमी झाल्या. सप्टेंबरात बँका कोसळल्या. हॉटेलं तशीच उभी होती, खोल्या तेवढ्याच. त्या वर्षी वायकीकीत चार ताऱ्यांच्या खोलीसाठी ऐकू येणारे आकडे पुढे कधी ऐकले नाहीत. आमच्या ओळखीत ज्यांची नोकरी टिकली ते हवाईला गेले, ज्यांची गेली ते तक्ता मांडून बसले.

*

हवाईत खरी सूट मिळते ती हवाईत राहणाऱ्यांना. कामाआइना दर म्हणतात. बेटाचं ओळखपत्र दाखवायचं, हॉटेलपासून होडीपर्यंत भाव उतरतो. बाहेरच्याने तो मागू नये.

*

बोली बंद कशी पडली? २०१६ मध्ये विमानांची संपली, पुढच्या काही वर्षांत गाड्यांची आणि हॉटेलांची. फोनच्या छोट्या पडद्यावर विभाग निवडा, तारे निवडा, आद्याक्षरं टाका, नकार खा, पुन्हा टाका, हे कोण करणार? दुसरं कारण कंपनीच्याच घरातलं. २००५ मध्ये तिने ॲम्स्टरडॅमची बुकिंग डॉट कॉम १३३ दशलक्ष डॉलरला घेतली. तिथे घासाघीस नाही, नाव दिसतं, पैसे बऱ्याचदा हॉटेलात, हॉटेलकडून दलाली. धंदा तिकडेच फोफावला, इतका की २०१८ मध्ये मूळ कंपनीने स्वतःचं नाव बदलून बुकिंग होल्डिंग्ज केलं. किंमत गिऱ्हाइकाने सांगायची ही कल्पना पेटंटसकट मागे पडली.

नाव झाकणं मात्र उरलं आहे. प्राइसलाइनवर 'एक्सप्रेस डील', हॉटवायरवर 'हॉट रेट'. किंमत त्यांनी सांगायची, तारे आणि विभाग दाखवायचे, नाव पैसे भरल्यावर. एका प्रकारात तीन हॉटेलांची नावं दाखवतात, त्यातलं एक आपलं. हे बरं. तिन्ही चालणारी असली तर घ्यावं, एकही नको असलं तर सोडावं. झाकलेल्या नावाचाही थोडा अंदाज बांधता येतो: दोन तलाव, स्पा, पाहुण्यांचे गुण ८.४, असं वर्णन उघड्या यादीतल्या कुठल्या हॉटेलाशी जुळतं ते बघायचं. विभाग लहान असला की बऱ्याचदा जुळतं. हाही एक तक्ताच, पण दहा मिनिटांचा.

बोली दुसऱ्या दारानेही परत आली आहे. खोली आरक्षित झाली की जायच्या आठवडाभर आधी हॉटेलाचीच मेल येते: समुद्राच्या बाजूची खोली हवी असेल तर वर किती देता? आकड्यावरचा काटा सरकवायचा, खाली 'शक्यता कमी', 'शक्यता बरी' असं उजळत जातं. हा काटा हॉटेलाचा आहे, आपला नाही. सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवून द्यावा. मिळाली तर मिळाली. नाहीच मिळाली तर पोचल्यावर नम्रपणे विचारावं. आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळच्या गर्दीआधी विचारलं तर कधी कधी काही न देता वरचा मजला मिळतो.

*

या डिसेंबरात हवाईला जाऊ, नाव झाकलेलं काही स्वस्त सापडेल का, असं विचारणाऱ्यांसाठी. एप्रिल-मेचा पहिला भाग आणि सप्टेंबरपासून थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यापर्यंत सापडेल. एप्रिलअखेर जपानी सुट्ट्यांचा आठवडा येतो, तो वगळा. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी होनोलुलूची मॅरेथॉन असते, तेव्हा वायकीकीत खोल्या महाग. नाताळ ते नववर्ष काहीही मिळणार नाही. त्या आठवड्यात रिकामी खोली नसते, त्यामुळे लपवून विकायला कुणाकडे काही नसतं. जायचंच असेल तर ऑगस्टमध्येच रद्द करता येणारी खोली घेऊन ठेवा, आणि आई-वडील बरोबर असतील तर दोन पलंगांची आहे ना, हे हॉटेलात फोन करून पक्कं करा.